कोंड्याचे नखरे

कोंडा घालवायला लोक महागडे शाम्पू घेतात. आम्ही प्रयोगशाळेत त्याहून महाग सामान घेऊन त्यातलंच यीस्ट (एकपेशीय बुरशी) वाढवायला बसतो, आणि ते काही केल्या उगवत नाही! याचं नाव मॅलासेझिया. आपल्या टाळूवर बिनभाड्याचं राहतं. पण बुरशी वाढवायच्या नेहमीच्या खाद्याकडे, साध्या साबुरो अगारकडे, ढुंकूनही बघत नाही. फॅटी ॲसिड बनवणारं जनुकच त्याच्याकडे नाही, तेव्हा तेल दुसऱ्यांनी पुरवायचं.

म्हणून तेलकट खाद्य, मॉडिफाइड डिक्सन अगार. याची यादी म्हणजे वरपक्षाची यादी: लिटरला माल्ट एक्स्ट्रॅक्ट ३६ ग्रॅम, पेप्टोन ६, अगार १२, बैलाचं वाळवलेलं पित्त २० ग्रॅम, ट्वीन ४० (तेल पाण्यात मिसळवणारं डिटर्जंट) दहा मिली, ग्लिसरॉल आणि ओलेइक ॲसिड दोन-दोन मिली. पीएच ६. ट्वीन पिपेटला चिकटून बसतं, म्हणून आधी कोमट करा आणि टिपचं टोक कापा. ऑटोक्लेव्हमध्ये (निर्जंतुक करायच्या प्रेशर कुकरमध्ये) पित्त फेसाळून खवळतं, तेव्हा फ्लास्क निम्माच भरा. प्लेटमध्ये ओतण्याआधी नीट घोळवा. नाहीतर तेलाचे थेंब वर तरंगतात आणि नवशिका ‘कॉलनी (यीस्टचा ठिपका) आली’ म्हणून पेढे वाटायला निघतो.

नको ती मंडळी हाकलायला क्लोरॅम्फेनिकॉल आणि सायक्लोहेक्सिमाइड, लिटरला ५०० मिलिग्रॅम प्रत्येकी. पहिलं बॅक्टेरियांना, दुसरं बहुतेक बुरशांना. सायक्लोहेक्सिमाइड विषारी आहे, हातमोजे आणि मास्क हवेच. कँडिडा अल्बिकन्स या दुसऱ्या यीस्टला मात्र दोन्हींचं काही वाटत नाही. म्हणून तोच नमुना तेलाविना साबुरोवरही लावायचा: तिथे उगवलं तर ते आपलं नव्हे. (कुत्र्याच्या कानातलं पॅकिडर्मॅटिस, मॅलासेझियाचीच एक जात, याला अपवाद. ते साबुरोवरही सुखात वाढतं.)

नमुना देणाऱ्याला एक प्रश्न आधीच विचारा: आदल्या दिवशी किटोकोनाझोलचा (बुरशीनाशक) शाम्पू लावलात का? लावला असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

मग ३२ ते ३४ अंश, आणि वाट बघणं. मॅलासेझियाच्या जातींपैकी फरफर काही दिवसांत दिसतं. रिस्ट्रिक्टा आणि ग्लोबोसा दोन आठवडेही घेतात. तोवर प्लेट सुकते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या कापसासोबत ठेवा. कॉलनी ठिसूळ असली की लूपला (उचलायच्या तारेच्या कडीला) नीट येत नाही, पाण्यात मिसळत नाही, स्लाइडवर गठ्ठेच दिसतात. तिथे ट्वीनचा एक थेंब कामी येतो.

आणि एवढं करून आलेली ग्लोबोसा सवयीनं फ्रिजमध्ये टाकू नका, मरते. दर महिन्याला नव्या प्लेटवर घ्या, किंवा ग्लिसरॉल घालून उणे ८० ला ठेवा.