लस टोचायला मानववंशशास्त्र कशाला?

‘लस हा डॉक्टरांचा विषय. तिथे मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकांचं काय काम? लसीला घाबरतात ते अडाणी; माहिती दिली की झालं. आणि हे प्राध्यापक तरी कोण, कंपन्यांचे भाट!’ असा मजकूर फिरतोय. लसींवरचा लोकांचा विश्वास अभ्यासणाऱ्या लंडनच्या प्राध्यापक हायडी लार्सन यांची कारकीर्द पाहिली की त्यातलं थोडंच शिल्लक राहतं.

आधी काम काय ते. मानववंशशास्त्रात, म्हणजे माणसांच्या समाजांच्या आणि समजुतींच्या अभ्यासात, डॉक्टरेट केलेल्या लार्सन युनिसेफमध्ये लसीकरणाचं काम पाहत होत्या. त्याच सुमारास, २००३ साली, उत्तर नायजेरियात कानोसह काही राज्यांनी पोलिओचे डोस थांबवले. लसीत वंध्यत्व आणणारं काही मिसळलंय, अशी बोलवा होती. लस निर्दोष होती, हे डॉक्टर घसा फोडून सांगत होते. पण कानोतल्या लोकांना १९९६ आठवत होतं. मेंदुज्वराच्या साथीत फायझर या औषध कंपनीने तिथल्या २०० मुलांवर चाचणी घेतली होती. निम्म्यांना ट्रोव्हान हे नवं औषध, निम्म्यांना तुलनेसाठी जुनं. ११ मुलं दगावली. रीतसर संमती घेतलीच नाही, असं म्हणत पालक पुढे कोर्टात गेले. ही आठवण कुठल्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार? अखेर २००४ मध्ये इंडोनेशियात, म्हणजे मुस्लिमबहुल देशात बनलेली लस आणल्यावर बहिष्कार सुटला. दैव बघा, नायजेरियातून निघालेला विषाणू २००५ मध्ये त्याच इंडोनेशियात पोचला.

अडाणीपणाचं म्हणाल, तर लार्सन यांच्या गटाने २०१६ मध्ये ६७ देशांची पाहणी छापली. लसी सुरक्षित आहेत हे न मानणारे सर्वाधिक निघाले फ्रान्समध्ये, ४१ टक्के. रेबीजची लस शोधणाऱ्या पाश्चरच्या देशात!

राहिला भाटगिरीचा आरोप. त्यांच्या गटाने लसकंपन्यांचा निधी घेतलाय, हे खरं. तो त्यांच्या निबंधांत जाहीरही केलेला असतो. त्यावर प्रश्न जरूर विचारावेत, मीही विचारेन. पण फिलिपिन्समध्ये काय झालं तेही पाहा. तिथे २०१६ पासून ८ लाखांहून जास्त मुलांना डेंग्यूची नवी लस दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सानोफी कंपनीनेच सांगितलं, की आधी डेंग्यू न झालेल्यांना या लसीनंतर आजार जास्त गंभीर होऊ शकतो. लसी महत्त्वाच्या आहेत हे ठामपणे मानणारे तिथे २०१५ मध्ये ९३ टक्के होते. २०१८ मध्ये ३२ उरले. हे मोजून छापलं लार्सन आणि सहकाऱ्यांनीच.

२०१९ च्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये गोवराची मोठी साथ आली. गोवराच्या लसीत काहीच खोट नव्हती.