वासूचा कॅमेरा आणि बाबलीभाईंचं कुळागर
काल गोव्यातल्या साखळीच्या नाक्यावर मिर्ची भजी तळून येईस्तोवर एकच विषय, तो वस्तीत शिरलेल्या गव्याचा व्हिडिओ. सगळ्यांच्या ग्रुपवर येऊन गेलाय, परत सांगत बसत नाही.

वासूने सुरुवात केली, "आपणच त्यांच्या घरात घुसलोय रे." हे त्याचं स्टेटसचं वाक्य, मागे सूर्योदय असतो. मोठी लेन्स घेतल्यापासून हा माणूस पावसाबद्दल सुद्धा हळू आवाजात बोलतो, जणू ढग उडून जाईल.

बाबलीभाई म्हणाले, "माझं घर आजोबांपासून सत्तरी तालुक्यात तिथेच आहे. तुझा फ्लॅट कुठला डोंगर कापून झाला ते सांग आधी."

वासू जरा भजीकडे वळला. मग म्हणे, "पण भाई, गवा राज्यप्राणी आहे."

"मग राज्याने पोसावा! माझ्याकडे कशाला? रात्री येतो, केळी मोडून खातो, सकाळी बघतो तर पोफळीची रोपं आडवी. पाठव की त्याला पर्वरीला, सचिवालयाच्या लॉनवर गवत बरं आहे."

दिनूने मधेच मोर काढला. 2016 साली कृषिमंत्र्यांनी मोराला उपद्रवी ठरवायची गोष्ट केली तेव्हा याच कट्ट्यावर वासू आणि दिनू बोलायचे बंद झाले होते, तेही मोरामुळे नाही तर त्या भांडणात कोणीतरी दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या वर्गणीचा हिशोब काढला म्हणून. तो हिशोब अजून लागलेला नाही, काल पण नाही लागला.

आता बाबलीभाई जनावरांच्या विरोधात आहेत असं कोणाला वाटेल. पण त्यांच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-केळीच्या बागेच्या, टोकाला जुना आंबा आहे, त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि नर बाहेरून फळं आणून एकेक भरवत राहतो. लाकूडवाला विचारून गेला, भाईंनी झाड दिलं नाही.

वासू उडालाच. "फोटो काढलात?"

"कशाला? बघायला मी होतो ना तिथे."

मग कर्नाटकात जाणाऱ्या अनमोड घाटातल्या रस्त्याचा विषय निघाला. भाईंचं म्हणणं असं की पहिला पाऊस पडला की बेडूक रस्त्यावर येतात, बेडकांमागून साप येतात आणि सापांमागून वासूसारखे निसर्गप्रेमी ऐंशीच्या स्पीडने येतात. रात्री लाईट डोळ्यांवर आला की सांबर जागच्या जागी थिजतं, ते काय तुझ्या लेन्ससाठी पोज देत नाही.

"बेडकांचं नाव काढू नका हां," दिनू म्हणाला, "जंपिंग चिकन म्हणून बेडकाचं मांस कोणी चापलं होतं रे त्या लग्नाच्या पार्टीत?"

वासू लाल. "तेव्हा बेडूक मारायच्या बंदीचं एवढं कुठे होतं..."

"होतं की मरे! म्हणून तर मागच्या दाराने आलं ते."

चहावाला सुद्धा हसायला लागला. भाईंनी लोखंड तापलंय बघून जुनी उधारी काढली, "ते राहू दे, माझी शिडी कधी परत करतोस? नारळ पाडायचे खोळंबलेत."

वासू म्हणाला, "माकडं पाडतात ना तुमचे नारळ, शिडी कशाला हवी?"

भाईंच्या तोंडातला चहा माझ्या शर्टावर.