तात्यांचा पाय, पाइपाच्या भावानं

आज सकाळी काकूनं दसरा काढला. गोधड्या नदीवर गेल्या, भांडी अंगणात आली, आणि माळ्यावरून खताच्या गोणीत गुंडाळलेला तात्यांचा पाय खाली आला. नेमका भंगारवाला दारात. त्यानं पाय हातात घेतला, नखानं खरवडून बघितला आन् म्हणाला, "पाइपच हाय की मावशी. पाइपाचा भाव देतो. पंजा रबराचा, त्याचं काय येत न्हाई." तराजूत टाकलासुद्धा.

मी तिथंच ब्रश तोंडात धरून उभा होतो. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय. लांबेल.

भंगारवाला खोटं बोलत नव्हता. तात्यांचा हा नकली पाय म्हणजे जयपूर फूट, आणि त्याची नळी एचडीपीई पाइपाचीच करतात, आपण शेतात पुरतो त्याच जातीच्या. आणि पंजा म्हणाल तर १९६८ च्या सुमारास जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी तो आपल्यासारख्यांसाठीच घडवला. अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, चिखलात पाय टाकता यावा म्हणून. वस्तूला नाव ठेवायला जागा नाही. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे.

तात्यांचा डावा पाय सात वर्षांपूर्वी गेला. ऊसतोडीवर असताना ट्रॉली उलटली. गुडघ्याखाली काही उरलं नाही. मुकादमाची उचल तेवढी उरली, ती काकूनं अर्धा कोयता होऊन (जोडपं म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा) दोन हंगामांत फेडली.

मग शिबिर आलं. मंडप, हार, सत्कार, सकाळी माप आणि संध्याकाळी पाय. तात्या उभे राहिले, चार पावलं चालले, टाळ्या पडल्या. फोटो मीच काढला आणि इथंच टाकला होता, वर 'माणुसकी जिवंत आहे' असं लिहून. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खाली हात जोडले होते. आज तो फोटो उडवला.

कारण तीन महिन्यांत वाटी ढिली झाली. कापलेला पाय सुरुवातीच्या महिन्यांत बारीक होत जातो, सूज उतरते, मांस आटतं, आणि तो ज्यात बसतो ती वाटी बदलावी लागते. हे मला आत्ता कळतंय. तेव्हा कुणी बोललं नाही. तात्या आधी दोन मोजे घालायचे, मग तीन, मग काकूच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. फोड आला, पिकला. पाय माळ्यावर गेला आणि काखेत कुबडी आली.

पाय ही 'वाटप' करायची वस्तू आहे का हो? साड्या वाटल्या, ब्लँकेटं वाटली, पाय वाटले! अरे, पाय दिल्यावर तर काम सुरू होतं. दोन दांड्यांमध्ये उभं करून तोल शिकवायचा, मांडीत ताकद आणायची, उतार, पायरी, शेताचा बांध, सगळं नव्यानं. पुढं वर्षभर कुणीतरी वाटी तपासत राहायचं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात हे करणारं माणूस कुठाय? जिल्ह्याचं गाव ८० किलोमीटर. नीट काही पाहिजे तर पुणं, नाहीतर मुंबईची हाजीअलीची सरकारी पुनर्वसन संस्था.

हो, एसटीत तात्यांना पंचाहत्तर टक्के सवलत आहे, काकूलाही २०२३ पासून अर्धं तिकीट. मान्य. पण एसटीची पहिली पायरी तात्यांच्या मांडीला लागते, आणि काकूचा रोज बुडतो त्याला सवलत नाही. दहा दिवस व्यायामाला न्यायचं म्हणजे दहा रोज गेले. सोयाबीनच्या काढणीत कोण जाईल?

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात पुनर्वसनाचं कलम आहे, सत्ताविसावं. आत्ता भंगारवाला गेल्यावर वाचलं. सरकारनं पुनर्वसनाच्या सेवा द्याव्यात, पण 'आर्थिक कुवतीनुसार'. वा! मंडपाला कुवत आहे, फ्लेक्सला आहे, वाटी बदलणाऱ्या एका माणसाला नाही. राज्यानं २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा सरकारी विभाग काढला, चांगलंच केलं, नाही म्हणत नाही. आणि शिबिर झालं नसतं तर ती चार पावलंही पडली नसती, हेही खरं.

जाऊ द्या. दुसऱ्यावर किती ओरडू? सात वर्षं त्याच घरात जेवतोय. पाय माळ्यावर का गेला, हे मी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, सवय नसेल झाली.

माळ्यावर अजून एक पिशवी होती, ती आज पहिल्यांदा बघितली. तिच्यात नुसत्या डाव्या चपला. तात्यांची उजवी झिजली की नवा जोड येतो, आणि डावी काकू पिशवीत टाकते. पाच निघाल्या, पाचही कोऱ्या.

तराजू वर उचलला तेव्हा तात्या ओसरीवरून म्हणाले, "दे गं, घरात अडचण नुसती." काकू काही बोलली नाही. पदरानं पंजावरची धूळ पुसली आणि पाय परत गोणीत घातला. भंगारवाल्याला फुटकी बादली दिली.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं तात्यांना घेऊन निघतोय, गोणीसकट. मराठवाड्यात कुठंही, आठपैकी कुठल्याही जिल्ह्यात, वाटी नव्यानं बसवून देणारा आणि चालायला शिकवणारा कुणी माहितीतला असेल तर इनबॉक्समध्ये नंबर टाका. हात जोडलेले नकोत. नंबर टाका.