रैयोलीला मंडळाची सहल काढताय? आधी माळ, मग म्युझियम

बडोदा-अहमदाबादच्या मराठी मंडळांना एका दिवसात जाऊन येण्यासारखं डायनासोर म्युझियम म्हणजे बालासिनोरजवळचं रैयोली. २०१९ साली ते उघडलं. सहल फसते ती क्रमामुळे. पन्नास माणसं उतरतात, थेट दालनात शिरतात, राजासॉरस या मांसाहारी डायनासोरच्या प्रतिकृतीपुढे फोटो काढतात. बाहेरच्या माळाची पाळी येईपर्यंत ऊन डोक्यावर येतं आणि निम्मे जण बसमध्येच बसून राहतात. खरा ठेवा, म्हणजे खडकात दगड झालेली डायनासोरांची अंडी आणि हाडं, त्या माळावरच आहे हो!

म्हणून सुट्टीचा वार आणि उघडायची वेळ फोनवर विचारून घ्या, दार उघडायला तिथे हजर राहा आणि आधी माळ पाहा. सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काढा. चपला नकोत, बूट घाला. दहा-बारा जणांच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीला गाईड मिळेल असं आधीच ठरवा. पन्नास जणांच्या घोळक्यात मागच्यांना ना काही दिसतं, ना ऐकू येतं.

अंडी शोधायची ती खडकातली गोल रेघ म्हणून. व्यास साधारण १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे लहान खरबुजाएवढा. वरचा भाग झिजून खडकाच्या पातळीला आलेला असतो, त्यामुळे उभ्याने नुसता दगड दिसतो. तिरप्या उन्हात, वाकून पाहिलं की गोलाई उठून दिसते. हाडाच्या तुटक्या कडेला स्पंजासारखी बारीक छिद्रं असतात, ती बघा.

या अंड्यांजवळ घाई करू नका. गुजरातमध्येच ढोली डुंगरीला जिऑलॉजिकल सर्व्हेच्या धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात एक घरटं सापडलं. त्यातली सगळी हाडं आधी पिल्लाची वाटली. पुढे त्यातच सापाचे मणके ओळखू आले: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप! २०१० साली त्याला सनाजेह हे नाव मिळालं. दगड पुन्हा निरखून पाहिल्यामुळेच हे कळलं.

मग दालनात जा. राजासॉरसला नाव मिळालं २००३ साली. सांगाडा अपुराच मिळालाय. डोक्यावरचं बुटकं शिंग हाडावरून ठरलंय, कातडीचा रंग मात्र अंदाजाने दिलेला. हा फरक मुलांना तिथेच दाखवा. आणि हेही सांगा, की इथल्या खडकांचे थर, ज्यांना लॅमेटा थर म्हणतात, दख्खनच्या काळ्या कातळाखालचे आहेत आणि चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा, डोंगरगावलाही डायनासोरांचे अवशेष याच थरांत मिळालेत.

माळावरून खडाही उचलू देऊ नका. जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला, कशाशेजारचा, हे कायमचं पुसलं जातं. मुलांना हे बसमध्येच सांगा, तिथे पोचल्यावर कुणी ऐकत नाही.

जेवण बालासिनोरमध्ये आदल्या दिवशी सांगून ठेवा, दीडच्या सुमाराचं. ज्येष्ठांसाठी पाणी आणि दोन-तीन घडीच्या खुर्च्या बसमध्ये असू द्या.