आधी टास्क मॅनेजर उघडा
एका लेखात म्हटलंय, पाच-सहा वर्षं जुन्या, मंदावलेल्या लॅपटॉपला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवण्यापेक्षा सरळ नवाच घ्या. सरसकट असं पटत नाही बुवा. आधी टास्क मॅनेजर उघडा. विंडोजच्या या खिडकीत कोणता भाग किती राबतोय ते दिसतं. काहीही चालू नसताना डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर मात्र १०-१५ वर निवांत दिसला, तर दुखणं हार्ड डिस्कचंच. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तिच्या तबकडीवर प्रत्येक बारीकसारीक फाइलसाठी वाचणारं हेड इकडून तिकडे सरकतं, त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली वाचल्या जातात. एसएसडीत सरकणारं काही नाहीच. म्हणून साधी साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एसएसडीसुद्धा पुरते. सेकंदाला ५५० एमबी की ३५०० एमबी या जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्यांत एक्सेल-ब्राउझरवाल्यांनी अडकू नये.

एम.२ स्लॉट (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची खाच) दिसला म्हणून लगेच एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) मागवू नका. काही मॉडेलांत तो स्लॉट फक्त साटाच चालवतो.

रॅम ४ जीबी असेल तर तीही वाढवा, नाहीतर दहा टॅब उघडले की पुन्हा रडगाणं. ती बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे बदलता न येणारी असेल, तर मात्र लेखकाचं म्हणणं मान्य. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढेच चालतं, हेही हिशेबात धरा. त्याआधीचं मशीन असेल तर एसएसडी टाकून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) लावा, मस्त चालतं.

आणि बॅकअप ठेवा. हार्ड डिस्क बऱ्याचदा कटकट आवाज करून इशारा देते, एसएसडी काही न सांगता जाऊ शकते.