पिवळे पान आणि संजीवकाची बाटली

शेतकऱ्यांमध्ये मोबाईलवरून एक संदेश सध्या फार फिरतो आहे. पान पिवळे पडणे म्हणजे झाडात हार्मोन कमी पडणे, संजीवक, म्हणजे हार्मोनसारखे झाडाची वाढ नियंत्रित करणारे द्रव्य, फवारले की ते पान पुन्हा हिरवे होते आणि संजीवक नैसर्गिक असल्याने मात्रा वाढली तरी अपाय होत नाही, असे त्यात म्हटले आहे. यावर विसंबून ऐन हंगामात पैसा आणि दिवस दोन्ही वाया जातात, म्हणून हे लिहीत आहे.

पिवळेपणा कोठून सुरू झाला, हे आधी पाहावे. खालची जून पाने आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडलेले असते, कारण झाड जुन्या पानातील प्रथिने मोडून त्यांतील नत्र शेंड्याकडे पाठवते. चुनखडीच्या जमिनीत मात्र शेंड्याची कोवळी पानेच पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात; ती लोहाची कमतरता. पंपात टाकलेल्या चिमूटभर संजीवकाने ना नत्राची गरज भागते, ना लोहाची.

दुसऱ्या विधानात सत्याचा अंश आहे, तो नाकारू नये. रिचमंड आणि लँग या शास्त्रज्ञांनी 1957 मध्ये झँथियम या तणाच्या तोडलेल्या पानांना कायनेटिन हे सायटोकायनिन गटातील संजीवक दिले, तेव्हा त्यांतील प्रथिनांचा ऱ्हास लांबला. पण तो लांबला, इतकेच. हरितद्रव्य बहुतांश मोडून देठाच्या बुडाशी पान सुटण्याची तयारी झाली, की फवारणीने ते पान परत येत नाही. शिवाय सगळी संजीवके एका कामाची नसतात. डाळिंबाचा बहार धरताना ताण दिलेल्या बागेत आपण इथेफॉन फवारतो, ते पाने गळावीत म्हणूनच. त्यातून सुटणारे इथिलीन हे वायुरूप हार्मोन पानाचे वार्धक्य घडवून आणते. पात्यातून देठाकडे वाहणारे ऑक्झिन हे वाढीचे हार्मोन जोवर पुरेसे असते तोवर देठ धरून राहतो, तो ओघ आटला की इथिलीनचा अंमल सुरू होतो.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. जिबरेलिन या संजीवकाचा शोधच मुळी एका रोगातून लागला: भाताची रोपे अवाजवी उंच, फिकट आणि दुबळी होतात ती बुरशीने स्रवलेल्या द्रव्यामुळे, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवले. 2,4-डी हे तणनाशकही ऑक्झिनसारखेच काम करणारे कृत्रिम द्रव्य आहे. शेजारच्या शेतातून त्याचे तुषार वाऱ्याने आले, तरी कपाशीची नवी पाने अरुंद, बोटांसारखी चिरलेली निघतात आणि त्यांच्या शिरा जवळजवळ समांतर धावू लागतात.