साक्ष दिली, पण एक नाव राहून गेलं

मागच्या महिन्यात मुलीचं एमपीपीएससीत, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत, सिलेक्शन झालं. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते आज लिहितेच.

त्या रविवारी चर्चच्या उपासनेत मी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभी राहिले. (इथे इंदूरला मंडळीत सगळं हिंदीत, 'गवाही' म्हणतात, घरात मात्र आजोबांनी नगरहून आणलेली मराठीच.) म्हणाले, यात आमचं काही नाही, सगळं प्रभूनं केलं. डोळ्यांत पाणी होतं, खोटं काही नव्हतं. हालेलूया झालं, टाळ्या झाल्या. बाहेर पडताना मुलीच्या मैत्रिणीची आई भेटली. हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि अगदी हळू विचारलं, "ताई, मग आम्ही प्रार्थनेत कुठं कमी पडलो हो?"

तिची मुलगीही त्याच परीक्षेला होती, मुख्य परीक्षेत राहिली. दोघी भंवरकुआच्या एकाच क्लासला, अभ्यास आमच्याच जेवणाच्या टेबलावर. मला उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन इतिहासाची वही उघडली. अक्षर माझ्या मुलीचं नाही. हिरव्या शाईत होळकरांची वंशावळ, अहिल्याबाईंच्या नावाखाली दोनदा रेघ, शेजारी बारीक अक्षरात '१७६७ ते १७९५, कारभार श्रीशंकराच्या नावानं'. माझी पोर काविळीनं झोपून होती, त्या महिन्यात तिच्या या मैत्रिणीनं पानन् पान उतरवून दिलं होतं. आणि माझ्या साक्षीत तिचं नावसुद्धा नाही! देवाचं नाव घेतलं, पण ज्या हातानं त्यानं दिलं तो हातच गाळला.

बायबलमधल्या लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आठवा. गर्विष्ठ म्हणून आपण त्याला सोडून देतो. पण त्याच्या प्रार्थनेत आहे काय? 'देवा, मी तुझे आभार मानतो.' श्रेय तोही देवालाच देतो! बिघडतं ते पुढे, मी या जकातदारासारखा (लोक पापी समजत अशा कर वसूल करणाऱ्यासारखा) नाही म्हणतो तिथं. मागे उभा असलेला जकातदार त्याला दिसत होता. मला तर दोन बाकं मागे बसलेली ती माउली दिसलीही नाही.

तुला मिळालेलं नाही असं तुझ्याकडे आहे तरी काय, असं प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात करिंथकरांना विचारतो. हे वचन आपण पेढे वाटताना म्हणतो. ज्या घरात निकाल लागून कुणी जेवलं नाही, तिथं बसून ते म्हणून बघावं. माझ्या मुलीला देवानं पास केलं, मग तिच्या मैत्रिणीला नापास त्यानंच केलं का? मी हे मानत नाही, मानणारही नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांत शेवटी 'दास म्हणे' येतं. कवीनं आपलं नाव घालायची ती जागा. लहानपणापासून गातेय, त्या जागेकडे लक्ष गेलं ते आता, या वहीमुळे. अहिल्याबाई शिवभक्त, टिळक ख्रिस्तभक्त, पण नाव लिहायच्या जागी दोघंही बाजूला सरले.

परवा मुलीला घेऊन त्या मैत्रिणीच्या घरी गेले, वही परत दिली, माफी मागितली. (त्यांना विचारूनच लिहितेय.) तिच्या आईनं, वहिनींनी, पोहे केले, वर शेव, जिरावन मसाला. निघताना म्हणाल्या, "प्रार्थना करू या." मला वाटलं मीच करायची, म्हणून डोळे मिटून शब्द जुळवत होते. तोवर त्यांनीच सुरुवात केली. आधी माझ्या मुलीचं नाव घेऊन उपकारस्तुती केली, मग स्वतःच्या मुलीसाठी मागितलं.